खिळ्यावरची किल्ली

आधीच सांगून टाकते, मला कोणी फसवलं नाही. विमा मी स्वतः निवडला, अटींचा कागद तीनदा वाचून निवडला आणि चुकीचा निवडला. कायदा शिकणाऱ्या मुलीनं असं करावं म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये लोक पुढे वर्षभर हसलेही. हसू देत. त्या विम्यापायी मी एका बाईला दुखावलं आणि वडिलांना तोंडावर नाही म्हटलं. दुखावलं त्याचं मला अजून वाईट वाटतं. नाही म्हटलं त्याचं तिळभरही वाटत नाही.

सुरुवात हॉस्टेलपासून करावी लागेल. दुसऱ्या वर्षाला असताना भर सकाळी माझा लॅपटॉप गेला. मी अंघोळीला गेले होते, दाराला नुसती कडी ओढलेली होती, आणि परत येऊन बघते तर टेबलावर फक्त चार्जर. रेक्टरबाईंनी ऑफिसात बोलावून विचारलं, "संशय कोणावर आहे?" मग त्यांनीच आमचा मजला झाडणाऱ्या बाईचं नाव काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. धड हो नव्हतं, धड नाही नव्हतं, नुसती हलवली. तेवढं त्यांना पुरलं. दुसऱ्या दिवसापासून मजला झाडायला वेगळी बाई आली. दोन महिन्यांनी आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीच्या कपाटात चार जणींच्या वस्तू सापडल्या, त्यात माझ्या लॅपटॉपची पिशवी होती. लॅपटॉप तोवर विकून झाला होता. त्या मुलीचे आईवडील येऊन हातापाया पडून गेले आणि प्रकरण मिटलं. झाडणाऱ्या बाईला मात्र कोणी परत बोलावलं नाही. मीही तिचा पत्ता विचारला नाही. याची मला लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यांनी दुसरा लॅपटॉप आणून दिला. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि विषय संपला असता. पण अण्णा फडक्याला हात पुसत शांतपणे म्हणाले, "हा शेवटचा. आता काही गेलं की सामान बांधायचं आणि घरी यायचं. वकिली काय, इथं राहूनही होते. नाहीतर स्थळं आहेतच." आमच्या तालुक्यात वकिलीचं कॉलेज नाही. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझं सगळं शिक्षण एका लॅपटॉपला बांधलेलं, तो गेला की मी पण गेले! आणि माझा गुन्हा काय, तर कुलूप लावलं नाही. स्वतः अण्णा रोज दुपारी गॅरेजचं शटर सताड उघडं टाकून जेवायला घरी येतात. हे मी तेव्हा मनातच म्हटलं.

मग मी ठरवलं की अण्णांना "ये परत" म्हणायला जागाच ठेवायची नाही. हॉस्टेल सोडायचं, स्वतःच्या कुलपाची जागा बघायची आणि सामानाचा विमा काढायचा. लॅपटॉप गेला तर जाऊ दे, दुसरा येईल. मी हलणार नाही.

जागा मिळाली कासार आंबोलीत, पौड रस्त्यावरून आत वळलं की शेताच्या बांधाला लागून उभ्या असलेल्या तीन मजली बिल्डिंगमध्ये. रस्त्याकडची जमीन विकून झाल्यावर राहिलेल्या तुकड्यावर मालकांनी ती बांधली होती. खाली ते स्वतः राहायचे, वर सहा फ्लॅट भाड्यानं. फ्लॅट म्हणायचं आपलं. एक खोली, एक ओटा आणि मोरी. बाकीच्या पाच फ्लॅटमध्ये हिंजवडीला कंपनीच्या गाडीनं जाणारी मंडळी. माझा फ्लॅट सगळ्यात वरचा. पश्चिमेला मोठी सरकती खिडकी, खिडकीत डोंगर. मी टेबल तिथंच मांडलं. इतकं चांगलं टेबल मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

घरमालक शेतात आणि गावकीत. बिल्डिंग चालवायच्या त्या मालकीणबाई. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. मावशींच्या ओसरीत दाराशेजारी एक फळी ठोकलेली होती. फळीला सहा खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एका फ्लॅटची दुसरी किल्ली. कोणाचा सिलिंडर येणार असेल, कोणाला प्लंबर बोलवायचा असेल, तर ज्याला सवड असेल त्यानं किल्ली काढायची, काम करून घ्यायचं, किल्ली परत अडकवायची. विचारायचं नाही, सांगायचंही नाही. जिना झाडायला डोंगराकडच्या वाडीवरून एक बाई यायची, तीसुद्धा हवी ती किल्ली काढून ओला कचरा घेऊन जायची. आणि पावसाळ्यात तर मावशी स्वतःच सगळ्या किल्ल्यांचा जुडगा करून दिवसातून एकदा मजले फिरायच्या, हातात झाडूच्या हिराची काडी घेऊन. ती काडी कशाला, हे मी नीट विचारलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

विम्याचा एजंट बावधनहून स्कूटरवर आला. माझी खोली बघून त्याला हसूच आवरेना.

"मॅडम, स्टुडंटच्या सामानाचा विमा? सामान आहे कुठं?"

"हे काय दिसतंय ते. लिहा," मी म्हटलं. लॅपटॉप, मिक्सर, शेगडी, कुकर, टेबलफॅन, गादी, जुन्या बाजारातलं टेबल आणि कायद्याची पुस्तकं.

"पुस्तकं कोणी धरत नाही. त्यापेक्षा मी सांगतो, एक छान लाइफ पॉलिसी घ्या. लग्नाच्या वेळी हातात येईल."

"लग्न चोरीला जाणार आहे का माझं?"

तो जरा सावरून बसला. मग त्यानं दोन कागद काढले. एकात नुसती घरफोडी आणि चोरी. दुसऱ्यात त्याशिवाय आग, वीज, वादळ, पाणी. दुसऱ्याचा हप्ता जास्त. हप्ता मी माझ्या शिकवण्यांतून भरणार होते, अण्णांकडून नाही. आणि मला पाण्याचं काय करायचं होतं? मी सगळ्यात वरच्या मजल्यावर, इथं पूर कुठून येणार! चोरी मला माहीत होती. चोरीनं माझं नाक कापलं होतं. मी चोरीचा कागद ओढून घेतला.

अटी बारीक अक्षरात होत्या, मी मोठ्यानं वाचल्या. चोर दार किंवा कुलूप मोडून आत शिरला असेल तरच भरपाई; किल्लीनं उघडून नेलं तर काही नाही. वस्तू घरात असेल तोवरच विमा. दाराबाहेर गेली की नाही. शेवटी प्रश्न होते. घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? घरात आणखी कोणाचं येणंजाणं आहे?

"जिना झाडायला कोणी येतं?" एजंटनं विचारलं.

"येते एक बाई."

"मग लिहा की. लिहिलेलं बरं असतं, पुढं उपयोगी पडतं."

मी लिहिलं. हात जरा थबकला, पण लिहिलं.

तेवढ्यात दार ढकलून मावशी आत आल्या, नेहमीसारख्या न वाजवता. सरळ खिडकीशी गेल्या, काडी घेऊन खिडकीच्या पन्हाळीत काहीतरी टोकरायला लागल्या. टोकरता टोकरता विचारलं, "काय लिवतीस गं?"

मी सांगितलं. शेवटचे प्रश्नही वाचून दाखवले, उत्तरांसकट. कशाला वाचले कोण जाणे. मावशींची काडी थांबली.

"मंजी चोरी व्हायच्या आदीच चोर कोन त्ये लिवून द्यायचं व्हय?"

एजंट फिदीफिदी हसला. मला मात्र ते लागलं. रेक्टरबाईंचं ऑफिस डोळ्यापुढं आलं आणि मी उगाच कागद पालथा घातला.

"आन चोर कुटला येतुया हितं?" मावशी म्हणाल्या. "हितं पानी येतंया. ह्या खिडकीतनं. इमा काडायचा तर पान्याचा काड, मी सांगून ठिवते."

मावशींचं ऐकायला मी काय लहान होते! मी सही केली.

संध्याकाळी खाली गेले. अट म्हणजे अट. किल्ली खिळ्यावर लटकत असेल तर उद्या कोणीही उघडून नेईल आणि कंपनी म्हणेल, दार कुठं मोडलंय, जा घरी. माझ्या बाबतीत तर जा घरी म्हणजे खरोखरच जा घरी.

"मावशी, माझी दुसरी किल्ली द्या."

"का? हरवली व्हय तुजी?"

"नाही. पण इथं ठेवून चालणार नाही. विम्याची अट आहे."

मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "आजवर हितनं एक चमचा गेला न्हाई कुनाचा. माज्यावर वहीम घेतीस?"

"तुमच्यावर नाही, मावशी. खिळ्यावर."

"खिळा माजाच हाय."

मावशी उठल्या, किल्ली काढली आणि माझ्या हातात न देता पायरीवर ठेवली. वाकून उचलावी लागली. जिना चढताना माझे कान तापले होते, पण मी मागे फिरले नाही. राहायचं होतं मला. त्यासाठी चार माणसं रुसली तर रुसू देत, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं.

त्यानंतर मावशी मजले फिरायच्या त्या माझ्या दारावरून पुढं जायच्या. जिना झाडणारी बाई माझा उंबरा सोडून झाडायची. तिला कोणी काय सांगितलं होतं देव जाणे, मी तर काही सांगितलं नव्हतं. कचरा मी स्वतः नेऊन टाकायला लागले. पश्चिमेच्या खिडकीतून थोडं पाणी आत यायचं, ते मी पुसून काढायचे. मुळशीचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, हे मला तेव्हा कळलं. खिडकीच्या पन्हाळीला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात आणि ती शेवाळानं बुजली की पन्हाळ भरून पाणी आत सांडतं, हे मात्र कळलं नाही. मी पुसायचे, पिळायचे आणि अभ्यासाला बसायचे. फार रुबाबात राहत होते मी. जुडग्यात नसलेली किल्ली, विम्याचा कागद, टेबलावर लॅपटॉप.

पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या, मी घरी गेले. लॅपटॉप नेला नाही. दाराबाहेर नेला की विमा नाही, मग एसटीच्या गर्दीत कशाला न्यायचा? टेबलावर ठेवला, पिशवीत घालून, पश्चिमेच्या खिडकीखाली. कुलूप दोनदा ओढून बघितलं. दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. अण्णा नुकतेच गॅरेजवरून आलेले. फोन वाजला. मावशी फोनवर नेहमी पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल असं बोलतात.

"पोरी, दार मोडलंय तुजं!"

अण्णांचा घास हातातच राहिला.

"मी मोडलंय. पहारीनं," मावशी पुढं ओरडल्या. "काल सांजपास्नं लई पाऊस. सकाळी बगतीया तर तुज्या दाराखालनं पानी जिन्यानं उतरतंया. किल्ली तुज्याकडं. फोन लावला तर लागंना. मग काय करनार, बसू काय बगत? घातली पहार. आतमंदी घोट्यापातूर पानी हाय. पुस्तकं काडली भाईर. ती तुजी पेटी पार भिजलीया गं. तांदळात घालून ठिवलीया, बगू."

पेटी म्हणजे लॅपटॉप. मी हात धुतले आणि अंगणात जाऊन एजंटला फोन लावला. अण्णा मागोमाग आले. "स्पीकरवर लाव," म्हणाले. लावला.

"मॅडम, पाण्याचं तर तुम्ही घेतलंच नव्हतं," एजंट म्हणाला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तो पुढं म्हणाला, "पण थांबा, थांबा. दार मोडलंय म्हणालात ना? कडी तुटलीय? मग झालं की काम! चोरी दाखवायची. भिजलेला लॅपटॉप कोणाला दिसू द्यायचा नाही. पोलिसांत तक्रार करा, त्याची प्रत मला द्या, बाकी मी बघतो."

"पोलीस विचारतील, संशय कोणावर."

"ते फॉर्मवर लिहिलंयच की आपण," तो म्हणाला.

मी फोन बंद केला. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट सुटल्यासारखे दिसत होते.

"मग करून टाक ना तसं," ते म्हणाले. "दार मोडलेलं आहेच. नवा येईल. तू राहा तिकडं, कर तुझं शिक्षण पुरं. मी एका शब्दानं काही बोलणार नाही."

खरं सांगते, मला मोह झाला. एवढं सोपं होतं ते. ज्यासाठी मी किल्ली मागितली, मावशींना दुखावलं, उंबऱ्याचा केर स्वतः काढला, ते सगळं एका सहीवर मिळत होतं. खोटं तरी किती? दार खरंच मोडलेलं. लॅपटॉप खरंच गेलेला. फक्त वाडीवरून येणाऱ्या त्या बाईला पोलीस चौकीवर बोलावतील, बसवून ठेवतील, पुन्हा जिना झाडायला कोणी ठेवणार नाही. आणि या वेळी मला मान हलवायचीसुद्धा गरज पडणार नव्हती. मी आधीच लिहून दिलेलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तसं करणार नाही मी."

आणि मग अंगणात उभ्या उभ्या मी हॉस्टेलमधल्या बाईचं सगळं सांगितलं. आई दारात येऊन उभी राहिली होती. रेक्टरबाईंनी काय विचारलं, मी कशी मान हलवली, पिशवी कोणाकडे सापडली आणि तरी मी कशी गप्प बसले. रडत सांगितलं, पण सगळं सांगितलं.

अण्णांनी खरकटा हात फडक्याला पुसला. मग म्हणाले, "बरं. मग आता बोललेलं लक्षात आहे ना? काही गेलं की सामान बांधायचं."

"लक्षात आहे. पण ते तुम्ही बोलला होतात, अण्णा. मी हो म्हटलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी येणार नाही परत. लॅपटॉप चोरीला गेला तरी नाही, भिजला तरी नाही. तुमच्या गॅरेजचं शटर आत्ता सताड उघडं आहे. आतून काही गेलं तर तुम्ही गॅरेज बंद करून घरी बसणार का? मग मीच का बसू?"

"तोंड सांभाळून बोल," आई म्हणाली. पण ती असं म्हणाली आणि आत जाऊन माझ्या पिशवीत भाकरी आणि चटणी भरायला लागली. दुपारचीच गाडी मी पकडली. अण्णा स्टँडवर आले नाहीत.

बिल्डिंगपाशी पोहोचले तर मावशींच्या ओसरीभर माझी पुस्तकं पसरलेली. वाडीवरची बाई तिथं बसून एकेक पान उचलून मध्ये वर्तमानपत्राचा तुकडा घालत होती. करारांचं जाड पुस्तक तिनं चुलीजवळ ऊब लागेल असं ठेवलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, ह्ये निळं लई भिजलंय, पर अक्षर जात न्हाई." मला तिच्यासमोर उभं राहवेना. मी तिच्याशेजारी बसले आणि निळं पुस्तक मांडीवर घेतलं.

मावशी आतून आल्या.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हटलं.

"व्हय, चुकलंच." मावशी माणसाला अवघडू देत नाहीत, पण सोडतही नाहीत. "सांगितलं हुतं, पानी येतंया."

मी पर्समधून दुसरी किल्ली काढली आणि जाऊन फळीवरच्या सहाव्या खिळ्याला अडकवली. तसं बघितलं तर ती किल्ली आता कशाचीच नव्हती, कुलूप पिचून कडीकोयंडा पहारीनं उखडून आला होता. मावशी बघत होत्या. "कुलूप नवं बसवलं की नवी किल्ली लाव," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी विमा कंपनीला पत्र लिहिलं की माझी काही भरपाईची मागणी नाही आणि फॉर्ममध्ये ज्या बाईचा उल्लेख मी केला आहे तो काढून टाकावा, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती आणि नाही. त्यांचं काही उत्तर आलं नाही. लॅपटॉपही चालू झाला नाही. चार दिवस तो तांदळात होता, त्यानं तांदळाला प्लास्टिकचा वास लागला अशी बोलणी मात्र मी पुढे दोन महिने खाल्ली. असाइनमेंटा मी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर लिहिल्या, नंबर लावून, मागचा माणूस खाकरत असताना. जमलं. न जमायला काय झालं!

अण्णांचा फोन आला नाही. आईचा यायचा, पण ती त्यांचा विषय काढायची नाही. मीही काढायचे नाही. दर शनिवारी मला वाटायचं, आज येतील आणि सामान उचलून नेतील. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवून ठेवली होती, चांगली वकिलासारखी, एक दोन तीन करून.

आणि सप्टेंबरातल्या एका शनिवारी ते खरोखरच आले. मी लायब्ररीतून परतले तर माझं दार उघडं. दाराबाहेर ऑइलचे डाग पडलेल्या चपला. त्या चपला मी जन्मापासून ओळखते. मी सगळी उत्तरं विसरले.

आत बघते तर अण्णा माझ्या टेबलावर चढून उभे, हातात हिराची काडी. आणि मावशी कमरेवर हात ठेवून खालून हुकूम सोडतायत, "अवो तसं न्हाई, आतनं भाईर ढकला! भोक बुजलंया त्ये दिसंना व्हय?" अण्णा, ज्यांना गॅरेजमध्ये कोणी साधं "इकडून पिळा" म्हणायची हिंमत करत नाही, ते निमूट ढकलत होते. बाहेरून खिडकीवरच्या पत्र्याच्या छपराला जाड ताडपत्री ताणून बांधलेली होती, आडवा पाऊस अडेल अशी. चारही कोपऱ्यांना नवी कोरी सुतळी, अण्णांची गाठ.

"आत कसे आलात?" मी विचारलं.

"खाली खिळ्यावर किल्ली होती," अण्णा खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "या बाई म्हणाल्या, सहावी काढा. मी कोण, कुठला, विचारलंसुद्धा नाही. असं कधी घर असतं का? उद्या कोणीही येईल."

"येऊ दे," मी म्हटलं. "तुम्ही आलातच की."

मावशी खुदकन हसल्या आणि चहाचं निमित्त करून खाली गेल्या. अण्णा टेबलावरून उतरले. हात पुसायला फडकं शोधलं, सापडलं नाही, मग पँटलाच पुसले. कोपऱ्यात त्यांची पिशवी होती. तिच्यात दोन रिकामी पोती घडी करून ठेवलेली होती आणि वर अर्धामुर्धा उरलेला सुतळीचा गुंडा. कशाला आणली होती ती पोती, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मी नुसती तिथं उभी राहिले, दाराला पाठ लावून, आणि म्हटलं, "मी नाही येणार, अण्णा."

"ऐकलंय ते," अण्णा म्हणाले. पिशवीतून त्यांनी सुतळीचा गुंडा काढला आणि माझ्या टेबलाच्या कडेला ठेवला. "ही राहू दे इथंच. पुढच्या पावसाळ्यात लागेल तुला."